फेरसामना

रजिस्टर अजून माझ्याकडे आहे.
आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल,
जुलै ते सप्टेंबर, एकोणीसशे पासष्ट.
निळी शाई, अक्षर माझं,
कारण मी बारावा होतो
आणि बाराव्याला तेव्हा आत उतरता येत नसे.
कुणाचा पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळायचं,
असा नियम.
मी लिंबं कापायचो, मीठ लावायचो,
चेंडूची वादी आवळायचो
आणि लिहायचो.

पहिली फेरी, क्रॉस मैदान. तीन-शून्य, आपण.
शेरा : चिखल फार. चेंडू कलिंगडासारखा जड.
हेडर मारला की कपाळावर शिवणीचा ठसा उठे.
निळकंठ पाताडे तो दोन दिवस मिरवत हिंडला,
गंध लावल्यासारखा.

दुसरी फेरी. मेडिकलवाले नऊच आले,
बाकीचे वॉर्डात ड्यूटीवर.
जिंकलो, पण लिहिताना जरा लाज वाटली.

उपांत्य फेरी, वांद्र्याच्या पोरांशी.
विल्फ्रेड परेराने पेनल्टी अडवली
ती सख्ख्या आतेभावाची.
त्या रविवारी तो आतेकडे जेवायला गेला नाही.

आणि वाघोलीकर सर. विषय रसायन.
ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही.
पण प्रत्येक मॅचला छत्री उघडून उभे,
आणि आपला गोल झाला की
भर पावसात छत्री मिटायचे.

फायनल सात सप्टेंबरला, कूपरेजवर.
आदल्या दिवशी लढाई लाहोरच्या रोखाने सरकलेली.
स्टँडमध्ये माणसं कमी, ट्रान्झिस्टर जास्त.
लोक टाळ्या वाजवत
त्या मैदानावरच्या की बातम्यांच्या, कळत नव्हतं.
चार मिनिटं उरलेली, एक-शून्यने मागे,
आणि युनूस मुकादमने डाव्या पायाने, कोपऱ्यातून,
असा काही मारला
की सरांची छत्री मिटता मिटता उलटीच झाली.

एक-एक. जादा वेळ द्यायला उजेड नाही.
शहरात दिवे लावायचे नव्हते.
रेफरीने आधी आभाळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
आणि शिट्टी दिली.
आम्ही अंधारात चाचपडत कपडे बदलले,
कुणाचे मोजे कुणाच्या पायात.

फेरसामना मंगळवारी, असं ठरलं.
शुक्रवारी सरावाला युनूस आला नाही.
शनिवारी कळलं, वडील सगळ्यांना घेऊन
एस.टी.ने श्रीवर्धनला गेले,
"जरा निवळेपर्यंत."

बुधवारी कँटीनमध्ये कुणीतरी त्याला विचारलं होतं,
काय रे, मावशीचं पत्र आलं का कराचीहून?
हसत विचारलं होतं.
मीही हसलो होतो.

फळ्यावर नवा संघ लागला.
अकरावं नाव माझं.
मी ते तीनदा वाचलं,
एकदा चष्मा पुसून.
त्याचे बूट कपाटात राहिले होते, आठ नंबरचे.
माझा पाय सात.
पुढे वर्तमानपत्र कोंबून घालून पाहिले.
बसले.
कपाटाच्या दारामागे उभा राहून
मी जागच्या जागी धावलो.
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी सामना झाला नाही. नोटीस निघाली :
तारीख नंतर कळवण्यात येईल.
तेवीसला लढाई थांबली. मग सहामाही परीक्षा आली,
मग नाताळ, मग कुणी विचारलंच नाही.
युनूसने पुढे रत्नागिरीत बी.ए. केलं म्हणतात.
विल्फ्रेड म्हणायचा, नाही, तो मस्कतला गेला.

ढाल त्या वर्षी कुणाकडेच नाही.
रजिस्टरात त्या ओळीपुढे मी नुसती रेघ ओढली आहे.
नातू विचारतो, आजोबा, तुम्ही किती मॅच खेळलात?
मी म्हणतो, माझी अजून व्हायची आहे.
तो हसतो.

बूट मी परत कपाटात ठेवले होते,
इतकं नक्की आठवतं.
आतला कागद काढला होता का,
ते आठवत नाही.